चार ओळींच्या पाटीचा डॉक्टर

आमच्या ग्राझ शहरात माणूस भेटला की आधी त्याची पदवी विचारतात, मग नाव, आणि वेळ उरलाच तर प्रकृती. त्यामुळे दारावरच्या पितळी पाट्या कोरणाऱ्याचं दुकान इथे कधी ओस पडत नाही. लेंड भागात आलोइस क्रेनबुखरचं असं दुकान आहे. तो आतल्या खोलीत बाकावर वाकून कोरतो आणि त्याची बायको हेडविगबाई बाहेर काउंटरवर बसून ऑर्डरी घेतात. अडतीस वर्षं हे असंच चाललंय. ही गोष्ट हेडविगबाईंची. आलोइसची म्हणावी, तर तो बोलतच नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाचं सगळं शेवटी बायकोलाच निस्तरावं लागतं.

हेडविगबाईंचा माणसं ओळखण्यावर फार विश्वास. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या पाटीला किती ओळी लागणार हे त्या चपलांवरून, म्हणजे आमच्याकडे बुटांवरून, सांगायच्या. एका प्राध्यापकांनी स्वतःच्या नावाआधी तीन पदव्या आणि नावानंतर दोन लावून घेतल्या. पाटी दारापेक्षा रुंद झाली, तेव्हा त्यांनी दार बदललं. एक बाई दर दोन वर्षांनी येऊन एक नवा अभ्यासक्रम वाढवून जायच्या. हेडविगबाई सगळ्यांशी गोड बोलायच्या आणि दार बंद झालं की आत बघून म्हणायच्या, "लोइस, अजून एक मोर आला होता." आतून नुसतं हुं यायचं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत गिऱ्हाईक बदललं. पूर्वी वकील, नोटरी, दातांचे डॉक्टर असायचे. आता दर दुसरं गिऱ्हाईक मनावर काम करणारं. एवढे बरे करणारे असताना शहर अजून बरं का होत नाही, हे कोडं हेडविगबाईंना कधी सुटलं नाही. पण ऑर्डरी घेता घेता त्यांनी या मंडळींना आपली नावं ठेवली होती. जे रीतसर वैद्यकी शिकून मनोविकारतज्ज्ञ झालेले आणि औषध लिहून देऊ शकणारे, ते गोळीवाले. जे मानसशास्त्र शिकलेले आणि ठोकळे, आकडे, प्रश्नावल्या घेऊन माणसाचं डोकं मापणारे, ते मोजणीवाले. दर आठवड्याला पन्नास मिनिटं समोर बसवून माणसाला बोलतं करणारे मानसोपचारक म्हणजे ऐकणारे. आणि कुठल्याही आजाराला हात न लावता लग्न, नोकरी, सासू यांवर मार्गदर्शन करणारे ते सल्लावाले.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. चूक पुढे होती, आणि ती कारागिराच्या बायकोनेच करावी अशी होती. आलोइस आधी उमेदवार होता, मग कारागीर झाला, मग परीक्षा देऊन मास्टर झाला. मास्टरला कारागिराचं सगळं येतं, कारागिराला उमेदवाराचं सगळं येतं. हेडविगबाईंनी हाच जिना इकडेही लावला. सगळ्यात वर गोळीवाला. त्याला सगळं येतं. डॉक्टर व्हायला जमलं नाही तो मोजणीवाला झाला. मोजायलाही जमलं नाही तो नुसता ऐकत बसला. आणि ज्याला ऐकतही बसवेना, तो सल्ले देऊ लागला. असा त्यांचा हिशेब पक्का होता, आणि पाट्यांच्या ओळीही त्याला दुजोरा द्यायच्या: गोळीवाल्यांच्या चार, सल्लावाल्यांची एक, तीसुद्धा वळणदार अक्षरात.

फेब्रुवारीत एका सकाळी आलोइसने बाहेर येऊन पातळ कागदात गुंडाळलेली पाटी काउंटरवर ठेवली. "प्रिमारची झाली," तो म्हणाला आणि आत गेला.

प्रिमार म्हणजे डॉक्टर रोडेरिख स्टाउडाखर, इस्पितळातल्या मनोविकार विभागाचे प्रमुख. त्यांची पाटी तीन आठवड्यांपूर्वीच कोरून झाली होती, त्यांच्या खाजगी दवाखान्याच्या दारावर लागलीही होती. हेडविगबाईंनी कागद उलगडला. तीच पाटी, त्याच चार ओळी, कुठे केसाएवढी चूक नाही. आलोइसने पुन्हा चार दिवस बसून तीच पाटी कोरली होती, आणि त्याला ते माहीतच नव्हतं.

हेडविगबाईंना सासरे आठवले. आलोइसचे वडीलही इथेच कोरायचे. साठीनंतर त्यांचं विसरणं सुरू झालं, हत्यारं हातातून गेली, आणि मग नऊ वर्षं ते स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खुर्चीत बसून राहिले. हेडविगबाईंनीच त्यांना नऊ वर्षं भरवलं होतं. त्यांनी पाटी कागदात परत गुंडाळली, कपाटात खाली सरकवली आणि आत डोकावून म्हणाल्या, "छान झालीय हं."

मग इतर गोष्टी दिसायला लागल्या. आलोइस जेवेना. भोपळ्याच्या बियांचं तेल घातलेली मोठ्या चवळीसारख्या दाण्यांची, म्हणजे आमच्या डोंगरी घेवड्याची कोशिंबीर, जिच्यासाठी तो लग्नाच्या पंगतीतून उठून घरी आला असता, ती तो काट्याने इकडून तिकडे सारायचा. पहाटे चारला जागा व्हायचा आणि छताकडे बघत पडायचा. दाढी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. मार्चच्या सुरुवातीला त्याने जाहीर केलं की जूनअखेर दुकान बंद, परवाना परत करणार.

"आणि मग काय करशील?" हेडविगबाईंनी विचारलं.

"बसेन," आलोइस म्हणाला.

एवढं ऐकल्यावर हेडविगबाईंना स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. जूनअखेरपर्यंत चार महिने होते. तेवढ्यात या माणसाला खुर्चीच्या वाटेवरून परत आणायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. घरच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, ते ठीक निघालं, आणि त्यांनी मनोविकारतज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी दिली. खरी अडचण पुढेच होती. या शहरात मनावर काम करणारा असा एकही माणूस नव्हता, ज्याची पाटी आलोइसने कोरलेली नव्हती.

"ज्याचं आडनाव मी दोन मिलिमीटरने मोठं करून दिलं, कारण समोरच्या दारावरचं मोठं होतं, त्याच्यापुढे जाऊन मी रडू?" आलोइस म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

"रडू नकोस. नुसता बस. बसायचंच आहे ना तुला?" हेडविगबाई म्हणाल्या आणि त्यांनी थेट प्रिमारला फोन लावला. जिन्याच्या वरच्या पायरीवर जाता येत असताना मधे कोण थांबणार.

प्रिमारांनी ओळखीखातर आठवड्याभरात वेळ दिली आणि त्या वेळेतली सात मिनिटं आलोइसला दिली. झोप कशी, भूक कशी, वजन उतरलं का, सकाळी जास्त वाईट वाटतं की संध्याकाळी, जीव नकोसा होतो का. आलोइस प्रत्येकाला एकेका शब्दात उत्तर देत होता. प्रिमारांनी गोळी लिहून दिली, तीन-चार आठवड्यांनी फरक दिसेल, मधेच बंद करू नका, असं सांगितलं. हेडविगबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"आणि डोकं? ते मोजा ना," त्या म्हणाल्या.

"स्मरणशक्तीची चाचणी मानसशास्त्रज्ञांकडे. मी चिठ्ठी देतो," प्रिमार म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, तुम्हीच करून टाका की. इतके मोठे तुम्ही."

प्रिमार हसले. "बाई, ते मला येत नाही. मी ते शिकलेलो नाही."

हेडविगबाईंना हे साफ खोटं वाटलं. चार ओळींचा माणूस आणि त्याला येत नाही? घरी येताना ट्राममध्ये त्यांनी निदान करून टाकलं, की प्रिमार आळशी आहे. दोघं निघताना प्रिमारने पाटीला पॉलिश कधी करावं हे मात्र दोन मिनिटं विचारलं होतं, हे त्या विसरल्या नाहीत. आलोइसने गोळ्यांची डबी घरी आणली आणि कोरायच्या हत्यारांच्या खणात ठेवून दिली. त्याचं म्हणणं असं की, डोकंच सडत चाललं असेल तर गोळी खाऊन उदास नसलेला वेडा होण्यात काय अर्थ.

वरून काम होत नाही म्हटल्यावर त्या चिडून एकदम तळाला गेल्या. सिबिला होर्न नावाच्या सल्लावाल्या बाई दोन गल्ल्या पलीकडे होत्या, खोलीत मेणबत्ती, उशा, कोपऱ्यात कारंजं. आलोइस आला नाही, हेडविगबाई एकट्याच गेल्या. त्यांनी सगळं सांगितलं. होर्नबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की कायद्याने मला फक्त निरोगी माणसांना सल्ला देता येतो. तुमचे यजमान निरोगी आहेत का?

"निरोगी असते तर मी इथे कशाला आले असते?" हेडविगबाई म्हणाल्या.

होर्नबाईंनी मान डोलावली आणि त्यांना परत पाठवलं. इतक्या सरळपणे आजवर कुणी गिऱ्हाईक परत पाठवलं नव्हतं, म्हणून हेडविगबाईंना त्यांचा रागही धड येईना. तेवढ्यातही उठता उठता कारंज्याची घरघर थांबवायला कोणाला बोलवावं, हे त्यांनी होर्नबाईंना सुचवलंच.

एप्रिलअखेर मोजणीवाल्या मागिस्टर इर्मेला फ्युर्स्ट यांची वेळ मिळाली. मागिस्टर ही त्यांची पदवी, आणि ती नावाआधी न लावता कुणी हाक मारलेली त्यांना खपत नसे. त्यांनी आलोइसला तीन तास बसवलं. आकडे उलटे म्हणा, शब्दांची यादी आठवा, ठोकळे जुळवा. मग कोरा कागद देऊन सांगितलं, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. स्मृतिभ्रंशाच्या माणसाचे इथे काटे चुकतात किंवा आकडे एका बाजूला गोळा होतात. आलोइसने खिशातून आपली पेन्सिल काढली, तिला टोक केलं आणि चाळीस मिनिटं घड्याळ काढलं. रोमन आकडे, जाड-बारीक रेघा, काट्यांच्या टोकांना नक्षी. फ्युर्स्टबाई दोनदा म्हणाल्या, की पुरे, नुसतं साधं चालेल. आलोइस म्हणाला, साधं मी काढत नाही. त्यांच्या तक्त्यात चाळीस मिनिटांच्या घड्याळाला गुण कसे द्यायचे हे लिहिलेलंच नव्हतं, आणि बिचाऱ्या बाईंनी त्यावर अहवालात अर्धं पान खर्च केलं.

अहवाल आणायला दोघं गेली, तो अकरा पानांचा निघाला. हेडविगबाईंनी तो समोर धरून विचारलं, एका वाक्यात सांगा.

"स्मृतिभ्रंश नाही," फ्युर्स्टबाई म्हणाल्या. "स्मरणशक्ती शाबूत आहे. लक्ष लागत नाही, कारण उदासपणाचा आजार जबर आहे. आजारात असं होतं, माणूस केलेलं विसरतो."

हेडविगबाईंनी तिथेच खुर्चीत डोळे टिपले. मग नाक पुसून म्हणाल्या, "बरं, आता बरं करा त्याला."

"ते माझं काम नाही. मी मोजलं. गोळी डॉक्टरांची, आणि बोलायला मानसोपचारकाकडे जा. या दुखण्याला दोन्ही लागतं."

"म्हणजे तुम्हालाही येत नाही?"

फ्युर्स्टबाई अतिशय दुखावल्या. त्यांनी सांगितलं, की प्रिमारांना हे अकरा पानांचं काम आयुष्यात जमणार नाही. ते त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं, की हेडविगबाईंच्या मनातला जिना पहिल्यांदा हलला.

घरी आल्यावर आलोइसने अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. मग तो आत गेला, खणातून डबी काढून आणली आणि पाण्याबरोबर एक गोळी गिळली. हेडविगबाई भांडी घासत होत्या, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना बोलावं लागलं असतं.

आता ऐकणारा हवा. हेडविगबाईंनी जुन्या ऑर्डरींच्या वहीतून यादी काढली आणि फोन फिरवायला बसल्या, तेव्हा त्यांना कळलं की ऐकणारे फोन ऐकत नाहीत. यंत्रावर आवाज यायचा, की मी बुधवारी बारा दहा ते बारा तीस या वेळात उपलब्ध आहे. बुधवारी बारा दहाला सगळं शहर त्या वीस मिनिटांत फोन करायचं. जे भेटले त्यांनी नोव्हेंबर सांगितला, एकाने पुढचं वर्ष. शिवाय प्रत्येकाची पद्धत निराळी. कुणी आडवं पाडून बोलायला लावतो, कुणी रिकाम्या खुर्चीशी बोलायला लावतो, कुणी आख्खं कुटुंब बोलावतो. एकाने दुसऱ्याच्या पद्धतीचं नाव काढलं की दुसरा असा श्वास घ्यायचा, की हेडविगबाईंना फोनमध्येसुद्धा तो ऐकू यायचा.

शेवटी एक ऑब्लाकबाई भेटल्या. या आधी तीस वर्षं सुईण होत्या, मग शिकून मानसोपचारक झाल्या. डॉक्टर नाहीत, मागिस्टर नाहीत. एका माणसाने येणं बंद केलं होतं म्हणून त्यांची गुरुवारची दोन वाजताची जागा रिकामी होती. सुईण म्हटल्यावर हेडविगबाईंचं तोंड वाकडं झालं. पण मे उजाडला होता आणि निवड करायला वेळ राहिला नव्हता.

पहिल्या गुरुवारी आलोइस पन्नास मिनिटं गप्प बसून आला. दुसऱ्या गुरुवारीही. हेडविगबाई समोरच्या बेकरीत बसून वाट बघायच्या, आणि वाट बघताना जर्दाळूचा मुरंबा भरलेला तळलेला पाव खायच्या. तिसऱ्या गुरुवारी तो तसाच बाहेर आला, तेव्हा त्यांचे दोन पाव खाऊन झाले होते आणि संयम संपला होता. त्या सरळ वर गेल्या.

"बाई, माझा नवरा घरी फुकट गप्प बसतो," त्या म्हणाल्या. "त्यासाठी इथे यायला नको."

ऑब्लाकबाई जराही रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, की कळा आल्याशिवाय जोर लावायला सांगितलं तर आईचे हाल होतात. गोळ्यांचा अंमल आता कुठे चढतोय, त्या चालू ठेवा, माझ्याकडे येतात म्हणून बंद करू नका. तो अहवाल आला नसता तर तुमचे यजमान इथे बसलेच नसते. प्रत्येकाचं काम निराळं असतं, क्रेनबुखरबाई.

रस्त्यात हेडविगबाईंनी हे आलोइसला ऐकवलं, अर्थात चिडूनच. प्रिमारला मोजता येत नाही, मोजणारीला बरं करता येत नाही, ही बाई गोळी देऊ शकत नाही, मग यांतला मास्टर कोण?

"माझ्या बाकावर चौदा हत्यारं आहेत," आलोइस म्हणाला. "त्यांतलं मास्टर कुठलं, हे तू मला कधी विचारलंस का?"

हेडविगबाई चालता चालता थबकल्या. ते वाक्य पटलं म्हणून नाही. त्या वाक्यात चिमटा होता, आणि आलोइसने चिमटा काढून पाच महिने झाले होते. त्या दिवशी संध्याकाळी त्याने डोंगरी घेवड्याची कोशिंबीर दोनदा घेतली.

जून लागला. तो सकाळी सहापर्यंत झोपू लागला, दाढी रोज होऊ लागली. गुरुवारी बाहेर येताना त्याचे डोळे कधी लाल असायचे. हेडविगबाईंना आत काय चालतं हे जाणून घ्यायची भयंकर उत्सुकता होती, पण ऑब्लाकबाईंनी आतलं आतच राहतं असं बजावलं होतं, म्हणून त्या त्याला फक्त कोट घातलास का, गोळी घेतलीस का, चष्मा कुठाय, एवढंच म्हणायच्या. काउंटरवर मात्र त्या आता जाणत्या झाल्या होत्या. पाटी करायला आलेल्या एका बाईंच्या मुलाला परीक्षेत काही आठवत नव्हतं, तर हेडविगबाईंनी आधी मोजून घ्या, गोळीकडे एकदम धावू नका, असं सांगून त्यांना चिठ्ठीवर तीन नावं लिहून दिली. सगळं शहर त्यांना विचारायला येऊ लागलं आणि त्यांना ते आवडू लागलं.

जूनच्या शेवटच्या गुरुवारी दोघं नेहमीसारखी ट्रामच्या थांब्यावर उभी होती. हवा छान होती, समोर बेकरीवाला टेबलं पुसत होता. आलोइस म्हणाला, "परवाना नाही परत करत. नाताळापर्यंत तरी चालू ठेवू."

हेडविगबाईंचा हात आपोआप त्याच्या बाहीवर गेला. चार महिने छातीवर ठेवलेलं ओझं उतरलं, आणि त्यांना एकाच वेळी हसावं की रडावं ते कळेना. त्या म्हणाल्या, आज घरी जाताना वाइन घेऊ, प्रिमारला फोन करून सांगू, फ्युर्स्टबाईंनाही, त्यांना बरं वाटेल.

"आज ऑब्लाकबाईंनी एक विचारलं," आलोइस म्हणाला. "हे जे तुम्ही मला सांगताय, ते घरी कुणाला सांगितलंय का. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, का नाही? मी म्हटलं, घरी कुणी विचारलं नाही."

"मी विचारलं नाही?" हेडविगबाईंचा आवाज चढला. "अरे, फेब्रुवारीपासून मी तुझ्यासाठी या दारातून त्या दारात—"

"हो. तू सगळ्यांना विचारलंस. प्रिमारला विचारलंस, फ्युर्स्टबाईंना विचारलंस, त्या उशांवालीलासुद्धा विचारलंस." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने ते एखाद्या पाटीचं माप सांगावं तसं सांगितलं.

हेडविगबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मनात मागे जाऊन शोधू लागल्या. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. कोट घाल, जेव, गोळी घे, छान झालीय, बस. एवढ्या महिन्यांत ते एक 'मग काय करशील' सोडलं तर एकही प्रश्न सापडला नाही ज्याच्या शेवटी त्या उत्तराची वाट बघत थांबल्या होत्या. अडतीस वर्षांत किती सापडतील, हे शोधायचं धाडस त्यांना झालं नाही.

ट्राम आली, दारं उघडली. हेडविगबाई चढल्या नाहीत. दारं बंद झाली आणि ट्राम निघून गेली.

"काय होतंय तुला, लोइस?" त्यांनी विचारलं.

आलोइस थांब्यावरच्या बाकावर बसला. "सांगायला बसलो तर दोन-तीन ट्राम जातील," तो म्हणाला.

"जाऊ देत," हेडविगबाई म्हणाल्या, आणि त्याच्या शेजारी बसल्या.